इंग्रजी वाक्यातले बेळगाव

गेल्या पंधरवड्यात आठवीच्या वर्गावर भाषांतराचा तास होता. फळ्यावर आम्ही एक साधे इंग्रजी वाक्य लिहिले. 'माझे काका काल बेळगावहून आले' एवढाच त्याचा अर्थ. शहराचे नाव आजच्या सरकारी स्पेलिंगप्रमाणे 'बेळगावी' असे लिहिले होते. मुलांनी वह्या आणून दाखविल्या. एकाने लिहिले होते, 'काका काल बेळगावी मधून आले.' दुसऱ्याने 'बेळगावी वरून', तिसरीने 'बेळगावी पासून'. शेवटच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा तेवढा वेगळा निघाला. त्याने लिहिले होते, 'माझे काका काल बेळगावास्नं आले.'

प्रमाण मराठीचा आग्रह धरणारे आम्ही, एरवी या 'बेळगावास्नं' खाली लाल रेघ ओढली असती. त्या दिवशी हात थांबला. वर्गात मराठीत विचार करून मराठीत लिहिणारा तो एकटाच होता. बाकीच्यांनी इंग्रजी वाक्यातले नाव उचलून जसेच्या तसे मराठीत आणून ठेवले होते. शब्द देवनागरीत होते, वाक्याची घडण इंग्रजीची होती. ही चूक मुलांची नाही. मोठी माणसे बोलतात, वर्तमानपत्रे छापतात आणि दूरदर्शन वाहिन्या ऐकवतात तेच मुले लिहितात. म्हणूनच हा विषय वर्गाच्या चार भिंतींबाहेर आणणे आम्हाला आवश्यक वाटते.

इंग्रजीत नाव ताठ, मराठीत लवचिक

इंग्रजी भाषा शहराचे नाव कसे वापरते हे आधी पाहू. इंग्रजीत नाव बदलत नाही. बेळगावात राहतो, बेळगावला जातो, बेळगावहून येतो, या तिन्ही वाक्यांत इंग्रजी नाव एकच. त्याच्या आधी 'इन', 'टू', 'फ्रॉम' हे छोटे शब्द येतात आणि सगळे काम तेच करतात. मराठीत कामाचा भार नावालाच उचलावा लागतो. पुणे असेल तर पुण्याला, पुण्यात, पुण्याचा. सातारा असेल तर साताऱ्याहून. खानापूर असेल तर खानापुरात, गोवा असेल तर गोव्याला. नाव वाकते, प्रत्यय घेते, प्रसंगी आपला स्वरही बदलते. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात हे मुलांना पाठ असते. परंतु बोलताना तीच मुले 'पुणे मध्ये', 'ठाणे ला', 'गोवा मधून' असे सर्रास म्हणतात. इंग्रजी वाक्यातला ताठपणा मराठी वाक्यात शिरला तो असा.

आमचे कन्नड शेजारीही नावाला वाकवूनच वापरतात, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. बेळगावीला म्हणायचे तर 'बेळगाविगे', बेळगावीत म्हणायचे तर 'बेळगावियल्लि', तेथून म्हणायचे तर 'बेळगावियिंद'. या बाबतीत मराठी आणि कन्नड या एका अंगणातल्या भाषा आहेत, इंग्रजी पाहुणी आहे. पाहुणीचा योग्य मान ठेवावा, पण घरात चूल कशी मांडायची हे तिने ठरवू नये.

इंग्रजीच्या आणखीही काही लकबी आहेत. एरवी शहराच्या नावाआधी 'द' लागत नाही, पण हॉलंडमधल्या हेग शहराला तो कायमचा चिकटला आहे. नाव कधी विशेषण होते. किल्ल्याच्या आधी बेळगाव लिहिले की बेळगावचा किल्ला झाला, 'चा' लागत नाही. नाव कधी मोठे अक्षर टाकून सामान्य वस्तू होते. कालिकतवरून सुती कापडाला 'कॅलिको' म्हणू लागले, जोधपूरवरून घोडेस्वारीच्या विजारीला 'जोधपुर्स'. नाव कधी क्रियापदही होते. अमेरिकेतील नोकरी गेली आणि काम भारतात आले, तर त्या माणसाला 'बँगलोर केले' अशा अर्थाचा शब्दप्रयोग या शतकाच्या आरंभी तिकडे रूढ झाला होता. सत्ता, व्यापार आणि सोय यांच्या ओघात एखाद्या गावाच्या नावाचे काय काय होते, ते यावरून ध्यानात यावे.

आमच्या भाषेनेही या व्यवहारात काही दिले आहे. लंडनचा तो लंडनर, पॅरिसचा तो पॅरिसियन. पण मुंबईच्या माणसाला इंग्रजीत काय म्हणावे याची पंचाईत होती. आज इंग्रजी वर्तमानपत्रे 'मुंबईकर' आणि 'पुणेकर' असे सरळ छापतात. आपला 'कर' इंग्रजीने घेतला. तसाच 'बेळगावकर' हाही शब्द आहे, आणि कित्येक घराण्यांचे ते आडनावच आहे. 'बेळगावीकर' म्हणून पाहावे, जीभ अडखळते.

एका गावाची तीन स्पेलिंगे

आता नावाच्या स्पेलिंगकडे वळू. रट्टांच्या काळच्या शिलालेखांत या शहराचे नाव वेणुग्राम, वेळुग्राम असे येते. वेणू म्हणजे बांबू, मराठीत वेळू. वेळूचे गाव ते बेळगाव, असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंग्रजांनी ते लिहिताना शेवटी 'एम' हे अक्षर लावले. पुष्कळांना ते विचित्र वाटते. परंतु जुन्या मराठीत आपण 'गांव' असा अनुस्वार देऊन लिहीत होतो. १९६२ सालच्या लेखननियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. गावातला तो नाकातला नाद आपण कागदावरून पुसला, आणि तो इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'एम' होऊन २०१४ पर्यंत बसून राहिला.

गंमत अशी की याच 'गाव' शब्दाला इंग्रजीने तीन निरनिराळी शेपटे लावली. जळगाव, मालेगाव, चाळीसगाव यांच्या शेवटी 'एन' आला. बेळगावच्या शेवटी 'एम' आला. गोव्यातले मडगाव पोर्तुगीज वळणाने लिहिले गेले, त्याच्या शेवटी काहीच आले नाही. आमच्या तालुक्यातले उचगाव आणि शहरातले वडगाव 'एन'ने संपते, आणि ज्या शहराचे वडगाव हा भाग आहे ते 'एम'ने संपत होते. उत्तरेकडच्या माणसाने ते वाचून 'बेलगाम' म्हटले, म्हणजे लगाम नसलेले! सैन्यातल्या आमच्या जवानांनी ही थट्टा किती वेळा ऐकली असेल, त्याची गणती नाही.

'ळ'ची कथा आणखी वेगळी. हे अक्षर मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. इंग्रजीत नाही. इंग्रजीने आधीही 'ल' लिहिला, आजही 'ल'च लिहिते. तेव्हा जुने स्पेलिंग असो वा नवे, इंग्रजी वाक्यात हे शहर कन्नड माणसाच्या तोंडचे पूर्णपणे होत नाही आणि मराठी माणसाच्या तोंडचेही होत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ ला नेमके काय बदलले?

या दिवशी कर्नाटकातील १२ शहरांची नावे बदलली. बँगलोरचे बेंगळूरु, मैसूरचे मैसूरु, हुबळीचे हुब्बळ्ळी, विजापूरचे विजयपुर, गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि बेळगावचे बेळगावी. दिवस निवडला तो राज्योत्सवाचा. सीमाभागातील मराठी माणूस १९५६ पासून त्या दिवशी काळा दिन पाळतो, त्यामुळे त्या निर्णयाचा सल अधिक खोल गेला. ती वेदना आम्ही नाकारत नाही. ती आमचीही आहे.

परंतु वेदना बाजूला ठेवून वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. कन्नडमध्ये हे शहर २०१४ च्या आधीही 'बेळगावी'च होते. कन्नड वर्तमानपत्रांत, कन्नड फलकांवर तसेच लिहिले जात होते. बदलले ते इंग्रजी स्पेलिंग. कन्नड उच्चाराला जवळचे असे नाव इंग्रजी लिपीत आणले गेले. मराठीत शहराला काय म्हणावे हा त्यातला प्रश्नच नव्हता. तरीही दुसऱ्या दिवसापासून आमच्याच माणसांनी मराठी निमंत्रणपत्रिकांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि बातम्यांतून 'बेळगावी' लिहायला सुरुवात केली. सरकारने इंग्रजीचे दार बदलले, आम्ही मराठीची चौकट स्वतःच्या हाताने काढून दिली. याचा दोष बंगळूरला देता येणार नाही.

न्यायाने बोलायचे तर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागेल. १९९५ साली बॉम्बेचे मुंबई झाले तेव्हा आपण पेढे वाटले. इंग्रजी वाक्यातही मुंबईच म्हटले पाहिजे, हा आपला आग्रह होता आणि तो योग्य होता. पुढे मद्रासचे चेन्नई झाले, २००१ मध्ये कलकत्त्याचे कोलकाता झाले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबादची आणि २०२४ मध्ये अहमदनगरची नावे बदलली. तेव्हा राज्याला नाव बदलण्याचा अधिकारच नाही, असे आपण म्हणू शकत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. मुंबईच्या वेळी युक्तिवाद असा होता की, लोक आपल्या भाषेत जे म्हणतात तेच इंग्रजीत लिहावे. ठीक. पण ज्या शहरात लोक दोन भाषांत दोन नावे म्हणतात, तेथे कोणत्या लोकांचे नाव घ्यायचे? ज्यांची सत्ता त्यांचे, हे उत्तर सोपे आहे. ते न्याय्य आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर जगात काही ठिकाणी शोधले गेले आहे. स्वित्झर्लंडमध्ये एक शहर जर्मन भाषेत बील आणि फ्रेंच भाषेत बिएन म्हणून ओळखले जाते. २००५ पासून त्याचे अधिकृत नावच 'बील/बिएन' असे जोडीने लिहिले जाते. बेल्जियमच्या राजधानीत रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच व डच अशा दोन्ही भाषांत असतात. फिनलंडच्या राजधानीला फिनिश भाषेत हेलसिंकी आणि स्वीडिश भाषेत हेलसिंगफोर्स म्हणतात, आणि दोन्ही नावे चालतात. त्यामुळे ते देश फुटले नाहीत. कन्नड फलकावर कन्नड नाव खुशाल असावे. त्याच्या शेजारी मराठीत 'बेळगाव' असावे, एवढीच आमची मागणी आहे. कर्नाटकात २०२४ पासून फलकांवर ६० टक्के कन्नड असावे असा कायदा आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठीला जागा द्यायला कोणाचे काय अडते?

मग इंग्रजीत लिहावे तरी काय?

समितीच्या बैठकीत आणि पालकसभेत हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. भावनेने उत्तर दिले तर मुलांचे नुकसान होते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. आमची एक माजी विद्यार्थिनी परराज्यात नोकरीसाठी गेली. जन्मदाखल्यावर इंग्रजीत शहराचे जुने नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर नवे. तेथल्या कारकुनाला ही दोन शहरे वाटली. जन्म एका गावी आणि शाळा दुसऱ्या गावी असताना अर्जात एकच गाव कसे, असे त्याने विचारले. ती पोर दोन रात्रींचा प्रवास करून शाळेत आली. आम्ही शाळेच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ लिहून दिली की, ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत. सही केली, शिक्का मारला. आयुष्यभर भाषा शिकविली, परंतु बेळगाव म्हणजे बेळगाव आहे असा दाखला द्यावा लागेल असे कधी वाटले नव्हते.

म्हणून पालकांना व तरुणांना आमचे सांगणे असे. पहिले, दाखला, पासपोर्ट, बँक यांच्या कागदांवर जे स्पेलिंग मूळ कागदात असेल तेच तसेच उतरावे. तेथे अभिमान दाखवू नये. दोन कागदांत दोन नावे असतील तर दोन्ही नावे एकाच शहराची असल्याचा दाखला आधीच करून ठेवावा. दुसरे, इतिहासाबद्दल लिहिताना त्या काळचे नाव लिहावे. १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती इंग्रजीतही बेळगावातच. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव काँग्रेस अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये भरले तेही बेळगावात. त्याची शताब्दी २०२४ मध्ये साजरी झाली, ती मात्र इंग्रजी बातम्यांत बेळगावीत झाली. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर आहेत. तिसरे, संस्थेचे नाव संस्था ठेवील ते. मुंबईचे उच्च न्यायालय आजही इंग्रजीत 'बॉम्बे हायकोर्ट' आहे. सयाजीरावांच्या काळात, १९०८ साली स्थापन झालेली वडोदऱ्याची बँक आजही 'बँक ऑफ बडोदा' आहे. आणि आमच्या रेल्वे स्थानकाची पाटी बदलली तरी तिकिटावरचा संक्षेप आजही 'बी-जी-एम' हाच आहे. शहराचे जुने नाव त्या तीन अक्षरांत टिकून राहिले.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे. मराठी वाक्यात बेळगाव. बोलताना, लिहिताना, पत्रिकेत, पाटीवर, बातमीत. त्यात तडजोड नको.

'बेळगावी' हा मराठी शब्दच आहे, पण वेगळा

कोणी म्हणेल, एका 'ई'ने काय बिघडते? बिघडते ते असे. मराठीत 'बेळगावी' हा शब्द आपण पूर्वीपासून वापरतो. बेळगावी कुंदा, बेळगावी लोणी, बेळगावी बोली. हे विशेषण झाले. त्याशिवाय घर-घरी, माहेर-माहेरी, गाव-गावी या रीतीने 'बेळगावी' म्हणजे बेळगावात, असाही जुना प्रयोग आहे. 'मुक्काम बेळगावी आहे' असे वाडवडिलांच्या पत्रांत असे. म्हणजे या शब्दात 'त' आणि 'ला' यांचे काम आधीच झालेले आहे. त्याला पुन्हा 'ला' लावून 'बेळगावीला' म्हणणे हे 'घरीला गेलो' म्हणण्यासारखे आहे. कन्नडमध्ये 'बेळगावी' हे मूळ नाव आहे, तेथे ते शोभते. मराठीत ते प्रत्यय लागलेले रूप आहे. नाव म्हणून ते मराठीच्या व्याकरणात बसतच नाही. हा द्वेषाचा मुद्दा नाही, भाषेचा आहे. आपण पॅरिस म्हणतो, फ्रेंच माणूस पारी म्हणतो. त्याने पॅरिसचा अपमान होत नाही. तसेच कन्नड बांधवांनी आपल्या भाषेत बेळगावी म्हणावे, आम्ही आमच्या भाषेत बेळगाव म्हणू.

एक शब्द आणि एक तालुका

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही इंग्रजीच्या विरोधात आहोत. उलट मुलांनी इंग्रजी कसून शिकावे असेच आमचे मत आहे. कारण सीमाभागाचे भवितव्य इंग्रजी वाक्यांतच लिहिले गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याचे सातवे कलम पाहावे. नव्या म्हैसूर राज्यात कोणता मुलूख जाणार, याची तेथे यादी आहे. त्यात चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, असे म्हटले आहे. 'वगळून' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द त्या वाक्यात आला आणि चंदगड महाराष्ट्रात गेले. तो शब्द आणखी काही तालुक्यांना लाभला असता, तर तीन पिढ्यांची परवड टळली असती. त्या वाक्यात शहराचे स्पेलिंग कोणते होते याने काही फरक पडला नाही. फरक त्या एका शब्दाने पडला.

२००४ सालापासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तेथेही सारी भाषा इंग्रजीच. उद्या आमच्या खेड्यातील मुलगा किंवा मुलगी वकील होऊन अशी वाक्ये वाचील, त्यातला एकेक शब्द तोलून पाहील, अशी आमची इच्छा आहे. पण तिने ती वाक्ये वाचून घरी आल्यावर आजीला सांगावे ते मराठीत, आणि मराठीच्या रीतीने. इंग्रजी नीट येण्यासाठी मराठी मोडावी लागत नाही. ज्याला एका भाषेत नाव वाकवता येते त्याला दुसऱ्या भाषेत ते ताठ का राहते हे चटकन कळते. ज्याला आपलीच भाषा धड येत नाही त्याला दोन्हीकडे अडखळावे लागते, हे तीस वर्षांच्या अध्यापनानंतर आम्ही खात्रीने सांगू शकतो.

१९४६ साली याच शहरात साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथे बळ मिळाले. त्या मंडपात जमलेल्यांना शहराच्या नावाबद्दल कसलाही संभ्रम नव्हता. आज संभ्रम आहे, आणि तो सरकारी आदेशापेक्षा आपल्या आळसातून अधिक आला आहे. येत्या लग्नसराईत पत्रिका छापताना, गावच्या यात्रेचा फलक रंगविताना, मंडळाची पावती पुस्तके काढताना प्रत्येकाने एवढे पाहावे की मराठी मजकुरात 'बेळगाव' आहे ना. शिक्षकांनी 'बेळगाव मध्ये' असे तोडून लिहिणाऱ्या मुलाला 'बेळगावात' लिहायला शिकवावे. यासाठी मोर्चा लागत नाही, परवानगीही लागत नाही.

त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला आम्ही पूर्ण गुण दिले. शेजारी प्रमाणरूप 'बेळगावहून' असे लिहून दिले आणि सांगितले, परीक्षेत हे लिही, घरी तुझे आहे तेच बोल. त्याने विचारले, "सर, मग फळ्यावरचं चुकलंय काय?" आम्ही म्हटले, नाही रे. ते इंग्रजीतले बरोबर आहे. आपले आपल्या भाषेतले बरोबर आहे. दोन्ही लक्षात ठेव.